आबांनी जोडलेली गाडी

वडिलांच्या उजव्या हाताच्या बाबतीत मी जे केलं ते अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला लागलो की समोरचा मध्येच म्हणतो, "अरे, चांगल्यासाठीच केलंस ना?" ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मग मी विषय बदलतो. इथे मध्ये बोलणारं कुणी नाही, म्हणून सगळं सांगून टाकतो.

आबा म्हणजे माझे वडील, साताऱ्याच्या दुष्काळी भागातले. जन्मभर स्टेअरिंगमागे बसलेला माणूस. ऐन विशीत गावाकडच्या साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी, गोल नाकाची गाडी चालवायचे. मग नवी मुंबईत आले, भाजी मार्केटात टेम्पो चालवला, आणि शेवटची वीस-बावीस वर्षं तळोज्याच्या एका कारखान्याची स्टाफ बस. निवृत्त झाल्यावर नावड्याला आमच्या बिल्डिंगखाली एक जुनी गाडी घेऊन ठेवली, ती फक्त चैत्रात गावच्या जत्रेला जाण्यासाठी. त्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी छत्तीस वर्षांचा, खिशात लायसन्स, आणि दरवर्षी शेजारी बसून आबांना शेंगदाणे देत गावापर्यंत जायचो. मागे आई पिशव्यांमध्ये अडकून बसलेली असायची. घरात आम्ही तिघंच.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि एका सकाळी दाढी करताना आबांच्या हातातून रेझर पडला. उचलायला गेले तर हात ऐकेना. पॅरालिसिसचा झटका होता. पाय महिन्याभरात आला, बोलणं गेलंच नव्हतं, तोंडही सरळ झालं. राहिला तो उजवा हात. खांदा हलायचा, कोपर वाकायचं, पण मूठ मिटायची नाही आणि अंगठा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बाजूला पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने महत्त्वाचे, हाताला काम देत राहा. आबांनी त्याचा हिशोब जत्रेशी लावला.

"चैताच्या शेवटाला जत्रा हाय," ते म्हणाले. "तवर हात आला पायजे. गाडी मीच न्हेणार."

व्यायाम घ्यायला नावडे गावातली एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची, आठवड्यातून तीनदा. तिने सुचवलं की काकांना वाटाणे सोलायला द्या, वाटीतले राजमे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगा. आबांनी दोन दिवस कसंबसं केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "निवडन-टिपन करायला बसवताय व्हय मला?" आणि वाटी भिरकावली. पुढे दोन दिवस आईला सोफ्याखाली राजमे सापडत होते.

म्हणून मी वाशीच्या एका खेळण्यांच्या दुकानातून ते खोकं आणलं. प्लास्टिकचे सुटे भाग, छोटी मोटर, बॅटरीचं घर. सगळं जोडायचं की गाडी चालते. खोक्यावरच्या चित्रात पांढरी, गोल नाकाची गाडी होती. आबांनी खोकं डाव्या हाताने जवळ ओढून ते चित्र बघितलं. मग म्हणाले, "चेअरमनची हाय ही."

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी टूलरूममध्ये फिटर आहे. प्लास्टिकचे भाग ज्या लोखंडी साच्यांतून निघतात ते साचे आम्ही घासूनपुसून जुळवतो. त्यामुळे खोकं उघडल्याबरोबर मला कळलं की याचा साचा झिजून पार म्हातारा झालेला आहे. प्रत्येक भागाच्या कडेला प्लास्टिकचा पापुद्रा सुटलेला. टप पिळवटलेला. खुंट्या मोठ्या आणि भोकं लहान. डावा दरवाजा त्याच्या चौकटीत मावत नव्हता, उजवा आरपार खाली पडत होता. चासिस बॉडीत मागून शिरायला तयार नव्हती, आणि आस लावून चाकं टेकवली तर तीनच जमिनीला लागत होती. असं काम समोर ठेवलं की माझ्या अंगाला खाज सुटते. मी म्हणालो, "आबा, हे परत करतो, दुसरं आणतो."

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "खटारं हाय, पन जमंल. मी काय कमी खटारी चालवल्यात?"

सकाळी आंघोळ झाली की ते टेबलाशी बसायचे. डाव्या हाताने भाग धरायचा, उजव्याने दाबायचा. दाबायचा म्हणजे हात उचलून त्यावर ठेवायचा. आई समोर बसून गोंदाची नळी धरायची. मी पहिल्या पाळीला. चार वाजता घरी यायचो तेव्हा आबा आत झोपलेले असायचे आणि टेबलावर सकाळचं काम पडलेलं असायचं.

पहिल्या दिवशी तो डावा दरवाजा होता. तिरका चिकटवलेला, भोवती गोंद ओघळलेला, आणि त्या गोंदात आबांच्या अंगठ्याचा ठसा.

आमच्या टूलरूममध्ये एक पद्धत आहे. नवीन मुलाचा जॉब बिघडला, कुठे केसभर जास्त घासला गेला किंवा कमी, तर इन्स्पेक्शनला जाण्याआधी कुणीतरी जुना फिटर तो गुपचूप उचलतो, नीट करतो आणि परत त्याच्या बाकावर ठेवतो. कुणी बोलत नाही. मुलाचा जॉब पास होतो, त्याची मान ताठ राहते आणि पुढच्या वेळी त्याचा हात स्थिर पडतो. मला माझ्या उस्तादांनी असंच वर्षभर पास करून घेतलं. ते कळलं तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो होतो. याच्याइतकी चांगली गोष्ट एक माणूस दुसऱ्यासाठी करू शकत नाही, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं.

मी डबा खाली ठेवला, हात धुतले आणि तो दरवाजा सोडवला. बारीक कानशीने चौकट घासली, बसवून बघितलं, परत घासली. दहा मिनिटांचं काम. दरवाजा असा बसला की फट दिसेना. मागे आई चहा घेऊन उभी होती. मला वाटलं ती ओरडेल.

"त्यास्नी सांगू नगंस," ती हळूच म्हणाली. "दुपारी घास सांडला तर ताटच सारलं त्येंनी."

आबा उठले, टेबलाशी आले आणि डाव्या बोटाने दरवाजा दाबून बघितला. मग आईला हाक मारली. "आगं, बसलाय की! सकाळी वाटलं हुतं गेला वाकडा."

"बसलाय की," आई म्हणाली.

आबांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हातात घेतला आणि कुरवाळला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला मी फार मोठा माणूस वाटलो.

मग ते रोजचंच झालं. आबा सकाळी जोडायचे, मी दुपारी सोडवून पुन्हा जोडायचो. कारखान्यातल्या माझ्या पेटीतल्या बारीक कानशी घरी आणल्या. पिळवटलेला टप गरम पाण्यात बुडवून सरळ केला. पुढचा आस बदलून चारही चाकं जमिनीला टेकवली. बोनेटची फट भरून, घासून, वर पांढरा रंग मारला. गाडी दिवसेंदिवस इतकी देखणी व्हायला लागली की मी कामावर असतानाही तिचाच विचार करायचो. आबांचा किती करत होतो, हे आठवायला गेलं की नको वाटतं.

आबांचं मात्र चांगलं चाललं होतं. जेवायला लागले, दाढी करायला लागले, डाव्या हाताने का होईना. गावी चुलत्यांना फोन करून सांगायचे, "हात येतोय. दार बसवलं, बोनेट बसवलं. जत्रंला गाडी घिऊनच येतो." हातात दाबायला दिलेला रबरी चेंडू मात्र ड्रॉवरमध्ये गेला. फिजिओने विचारलं, "काका, चेंडू दाबताय ना?" तर आबा म्हणाले, "चेंडूचं काय घिऊन बसलीस पोरी, हे बघ," आणि गाडी तिच्यापुढे ठेवली.

तिने गाडी फिरवून फिरवून बघितली. मग आबांना तिची दोन बोटं धरायला सांगितली. मग माझ्याकडे बघितलं.

"हे काकांनी केलं?"

"हो," मी म्हणालो.

"माझी बोटं तर त्यांना नीट धरता येत नाहीयेत अजून." ती जरा घुटमळली. "पण एवढं बारीक काम जमतंय तर चांगलंच आहे. मग मी आता आठवड्यातून एकदा आली तरी चालेल."

मी तोंड उघडायला हवं होतं. आई माझ्याकडे बघत होती, आबा फुशारले होते, आणि मला वाटलं, होईल सगळं नीट, हात येईलच. मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो आणि वर म्हणालो, "थँक्यू, मॅडम."

होळी होऊन आठवडा झाला असेल. चार वाजता मी बिल्डिंगच्या गेटशी पोचलो तर आत माणसं जमलेली. आमची गाडी मागच्या बाजूने कंपाउंडच्या भिंतीत घुसलेली होती. गाडी आणि भिंत यांच्या मध्ये वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची चिरडून पडली होती. वॉचमन शेजारी उभा होता, हातात पाण्याची बाटली. बाटली भरायला म्हणून उठला होता तेवढ्यात. "मी आत्ताच उठलो ना इथून," असं तो येईल त्याला सांगत होता.

आबा ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले होते, उजवा हात मांडीवर उताणा. गाडी मागे घेताना जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं होतं: डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकायचा, मान वळवून मागे बघायचं, आणि स्टेअरिंग एकट्या उजव्या हाताने फिरवायचं.

"सुटला," ते मला म्हणाले. "हात सुटला."

मी त्यांना वर आणलं. सोफ्यावर बसून ते हाताकडे बघत राहिले. आईने पाणी दिलं ते घेतलं नाही. मग आईला म्हणाले, "दार बसवलं मी. बोनेट बसवलं. येवढाली चाकं बसवली. मग स्टेरिंग कसं सुटलं?" त्यांना खरोखर कळत नव्हतं. ते हाताला पालथा-उताणा करून बघत होते, जसं काही आत कुठे दोष लपलेला आहे. आई माझ्याकडे बघायला लागली.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्या दरवाजापासून. उस्ताद, टूलरूम, पास करून घेणं, तेही सांगितलं. बोलताना मला माझाच आवाज इन्स्पेक्शनपुढे सबबी सांगणाऱ्या माणसासारखा वाटत होता. आबा ओरडतील अशी मी वाट बघत होतो. ओरडले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आण ती," ते म्हणाले.

मी टेबलावरची गाडी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"यातलं माझं काय हाय, दाखव."

मी गाडी उचलली. दरवाजे माझे. बोनेट माझं. टप माझा. आस, चाकं, दिवे, मागचा बंपर, सगळं मी सोडवून पुन्हा लावलेलं. मी ती उलटी केली, परत सुलटी केली. शेवटी पुढच्या काचेतून आतलं स्टेअरिंग दिसलं, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं, एका बाजूला कललेलं, बुडाशी गोंदाचा गोळा. आत माझी कानस पोचत नव्हती म्हणून ते तसंच राहिलं होतं.

"हे स्टेअरिंग," मी म्हणालो.

आबांनी गाडी डोळ्यांजवळ नेली. "येवढंच?"

मी मान हलवली.

"दोन म्हैनं," ते म्हणाले, "मी तुझ्या हाताला माझा हात समजत हुतो."

मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि रडलो. बाहेर आई काय बोलली, आबा काय बोलले, मला माहीत नाही.

दोन दिवस आबा पलंगावरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईकडून सुरी मागून घेतली आणि डाव्या हाताने माझं सगळं काम उचकटून काढलं. दरवाजे टेबलावर पडले तेव्हा मला अंगावरचं सोलून काढल्यासारखं झालं, आणि एवढं होऊनही आपल्याला त्या दरवाजांचंच वाईट वाटतंय याची लाजही वाटली. फिजिओला मीच फोन करून सगळं सांगितलं. ती लगेच आली आणि जिन्यातच मला धारेवर धरलं. "तुमी मला तोंडावर हो म्हणालात! मी आठवड्यातून एकदा केलं ते कशाच्या भरवशावर? हे महिने परत कुठून आणू मी?" तिने आबांचा हात तपासला, बराच वेळ तपासला. "उशीर झालाय काका," ती म्हणाली. "पण सोडायचं नाय." चेंडू ड्रॉवरमधून बाहेर आला.

आबांनी गाडी पुन्हा जोडायला घेतली, माझी पाळी सुटल्यानंतरच्या वेळात. अट एकच: मी समोर बसायचं आणि हात लावायचा नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचो. टप दाबताना तो घसरायचा, पुन्हा ठेवायचे, पुन्हा घसरायचा. मला तो कुठे धरला की बसेल ते दिसत असायचं आणि जबडा दुखेपर्यंत मी दात आवळून बसायचो. एकदा न राहवून म्हणालो, "आबा, जरा मागून..." त्यांनी नुसतं वर बघितलं.

अंगठा काम देत नव्हता म्हणून ते तळव्याच्या कडेने दाबायला शिकले. मोठे भाग कोपराखाली धरायचे. चासिस बॉडीत शिरेना तेव्हा त्यांनी दोन्ही एकमेकांवर ठेवून सुतळीने आवळले, टेम्पोवर माल बांधतात तशी गाठ मारून. एक टोक डाव्या हातात, दुसरं दातांत. घासून जुळवलेले दरवाजे आता त्यांच्या हाताने कुठेच बसेनात, तेव्हा डावा त्यांनी अर्धा उघडाच चिकटवला. "चेअरमन उतरायलाय आसं समज," ते आईला म्हणाले. माझ्याशी ते अजून कामापुरतंच बोलत होते. बॅटरीची पट्टी सैल होती, तिथे गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी चकती दुमडून कोंबली. बोनेट आणि दिवे यांच्यामध्ये माझं बोट जाईल एवढी फट राहिली. मी ती फट नुसती बघत बसलो.

जत्रेला आठ दिवस होते तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी गाडी फरशीवर ठेवली आणि डाव्या हाताने बटण सरकवलं. मोटर गुरगुरली. गाडी जागच्या जागी थरथरली आणि निघाली, तिरकी, एक चाक हवेत, उघडा दरवाजा हलवत. आईने पाय वर घेतले. हॉल ओलांडून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला धडकली आणि तिथेच चाकं फिरवत राहिली. आम्ही तिघंही हसायला लागलो. आबा तर खोकला येईपर्यंत हसले. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात हसण्याचा आवाज झाला असेल.

मी गाडी उचलून त्यांना दिली. ती बंद करायला त्यांनी उजवा अंगठा बटणावर ठेवला. दाबला. बटण हललं नाही. त्यांनी श्वास घेऊन पुन्हा दाबला, कपाळावरची शीर फुगली. अंगठा बटणावरून घसरला. तिसऱ्यांदाही घसरला. मोटर गुरगुरत होती. मग त्यांनी डाव्या हाताने बटण सरकवलं आणि घर शांत झालं.

"गाडी झाली," ते म्हणाले. "हात काय आला न्हाय."

आई उठून आत गेली.

"जत्रंला तू चालव."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. येईल हो आबा, आठ दिवस आहेत अजून, आणि या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. ते वाक्य इतकं बरोबर बसलं असतं. मी ते गिळलं.

"बरं," मी म्हणालो. "मी चालवतो."

आबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना पाणी आणून दिलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, एक शब्द बोललो नाही. त्यांचं रडून होईपर्यंत तिथेच, समोर, बसून राहिलो.